काकाचा फॅन

श्रीपादने टिश्यूपेपरची पट्टी कॉम्प्युटरसाठी आपण निवडलेल्या फॅनसमोर धरली. पट्टी सरळ आडवी उडाली.

"बघ. आता तुझ्या काकाचा लाव," तो अक्षताला म्हणाला.

काकाने सुचवलेल्या फॅनसमोर पट्टी निम्मीच उचलली गेली. शिवाय मोबाइलवर मोजला, तर आवाजही तीन डेसिबल जास्त. श्रीपादला इतकं बरं वाटलं की त्याने स्वतः उठून चहा टाकला.

अक्षताला ॲनिमेशनच्या कामासाठी नवा कॉम्प्युटर हवा होता. गाझियाबादच्या या सोसायटीत वीस वर्षं कोणाचाही कॉम्प्युटर बिघडला, की लोक श्रीपादची बेल वाजवत. आणि पोटच्या पोरीने एकेक पार्ट विचारला तो फरीदाबादच्या प्रसन्नकाकाला. त्या धाकट्याला स्क्रूड्रायव्हर धरायला शिकवलं कोणी? वर काकाला 'अरे तू' आणि बापाला 'तुम्ही'. खरं सांगायचं तर श्रीपादचा नुसता जळफळाट चालला होता.

"पण बाबा, फॅन प्रोसेसर थंड करणाऱ्या रेडिएटरवर लावायचाय ना," चहा पिताना अक्षता म्हणाली. "काका म्हणतो, खरं तिथेच कळतं."

"हो, काका म्हणतो. काका म्हणतो म्हणजे झालंच."

त्याने आपला फॅन रेडिएटरवर बसवला. मोकळ्यावर मिरवणाऱ्या त्या फॅनला रेडिएटरच्या पत्र्याच्या दाट जाळीतून हवा रेटता येईना. दहा मिनिटांत प्रोसेसरचं तापमान चौऱ्याहत्तरवर.

"जास्त आहे, यार," अक्षता म्हणाली. तेवढ्यात पार्सल आल्याचा गेटवरून फोन आला आणि ती खाली गेली.

श्रीपादने काकाचा फॅन चढवला. सहासष्ट. आकडा तिथून हलेना, आणि तापमान कमी म्हणून संथ फिरणारा फॅन चालू आहे हे कान लावल्याशिवाय कळेना. त्याने एकदा दाराकडे पाहिलं आणि चारांपैकी दोन स्क्रू एकेक फेरा ढिले केले.

अक्षता आत आली ती कपाळाला आठ्या घालूनच.

"हे काय घरघरतंय? याच खोलीत मी आवाज रेकॉर्ड करणार आहे."

"मी काय सांगू? काकालाच विचार."

तिने फोन स्पीकरवर टाकला.

"अरे काका, तुझा फॅन थरथरतोय. स्क्रू ढिले असतील का?"

"बसवला कोणी?"

"बाबांनी."

"मग स्क्रूचं नाव काढू नकोस. दादाच्या हातचा स्क्रू ढिला राहिलेला मी जन्मात पाहिला नाही. फॅनच खराब निघाला. काढ तो, आणि दादा देईल तो लाव."

"अच्छा. चलो," म्हणत अक्षताने फोन ठेवला आणि स्क्रूड्रायव्हर बापापुढे धरला. "जिंकलात, बाबा. काढा."

श्रीपादला तिच्याकडे बघवेना. तो चालत्या फॅनपाशी वाकला. एक स्क्रू आवळला. मग दुसरा.

घरघर थांबली.

अक्षताने स्क्रूंकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"प्रसन्नला पुन्हा फोन लाव," श्रीपाद म्हणाला. "मी बोलतो."