लेमायनला दाखवलेली सुरत

माणसाची संस्कृती त्याच्या घरात बसूनच कळते, असं योगराजचं ठाम मत होतं. केनियातल्या मसाई वस्तीवर चार दिवसांत बनलेलं हे मत, तिथला वाटाड्या लेमायन कापड खरेदीला सुरतेत येईपर्यंत टिकलं.

तिथे योगराज लेमायनच्या मागून रानभर हिंडला होता, त्याच्या आईच्या शेणानं लिंपलेल्या घरात दूध प्यायला होता आणि चुलीसकट तिचे फोटो काढून आला होता.

इथे त्याची स्वतःची आई, शोभाबाई, बमरोलीच्या चाळीत एका खोलीत राहायची. ती खोली त्यानं आजवर कुणालाच दाखवली नव्हती. पाहुण्यासाठी तिनं सकाळीच दाराबाहेर चूल मांडून पुरणाचे मांडे भाजायला खापर चढवलं होतं. पाहुणा कधी येतोय हे विचारायला दुपारी तिचा फोन आला, “पाव्हना कवय येस रे भाऊ? मांडा गरम शेतस.”

“मीटिंग लांबलीय,” योगराज मॉलच्या सरकत्या जिन्यावरून म्हणाला.

“तुझ्या आईकडे कधी जायचं?” शेजारच्या लेमायननं विचारलं.

“ती गावाला गेलीय.”

लेमायननं पिशवीतून लाल-निळ्या मण्यांची माळ काढली. “माझ्या आईनं तिच्यासाठी ओवलीय. मग तूच घाल तिच्या गळ्यात.”

योगराजनं खाली बघत माळ घेतली.

त्या मॉलपासून बमरोली रिक्षानं पंधरा मिनिटांवर आहे.