दुसरी सही

नखानं टिचकी मारून तिनं सिरिंजमधला शेवटचा बुडबुडा बाहेर काढला आणि सिरिंज पंपात बसवली. खटका लागला. दुपारचे अडीच वाजले होते. युनिफॉर्मच्या आत छाती दगडासारखी भरून आली होती. बाळंतपणाच्या रजेवरून परतून आज पाचवाच दिवस होता.

कागदावर तिनं सही केली. खाली दुसऱ्या सहीची चौकट रिकामी होती. हृदयाच्या, रक्तदाबाच्या औषधांना हा नियमच होता. दुसऱ्या नर्सनं येऊन औषध, त्याची तीव्रता आणि पंपाचा वेग स्वतः वाचायचा, मगच सही करायची.

"ताई, जरा बघता?"

मोठ्या सिस्टर शेजारच्या खाटेवरून आल्या. त्यांचं लक्ष पंपाकडे गेलंच नाही. तिच्या छातीवर उमटलेल्या ओल्या डागाकडे गेलं.

"अगं, पान्हा फुटलाय तुला! जा आधी, मोकळी होऊन ये." त्यांनी उभ्याउभ्याच सही ठोकली. "तुझ्या कामात काय बघायचं? आमच्या वेळी आम्हाला कुणी असं सोडलं नाही, बाई."

ती परतली तेव्हा पेशंटची बायको खाटेशी उभी राहून मॉनिटरकडे कौतुकानं बघत होती.

"सिस्टर, एकशे सत्तर! सकाळी नव्वदवर रडवत होता हा माणूस. बीपी वाढायला हवा म्हणालात ना? शाळेतसुद्धा एवढे मार्क पडले नसतील ह्यांना."

"डोकं फुटतंय," पेशंट पुटपुटला.

"चाळीस वर्षं ऐकतेय. मी तोंड उघडलं की ह्यांचं डोकं दुखतं."

एकशे ब्याण्णव. मॉनिटर किंचाळू लागला.

तिनं सिरिंजवरची चिठ्ठी वाचली. अक्षर तिचंच. शरीरात पाणी कमी जावं म्हणून डॉक्टरांनी आजपासून रक्तदाब वाढवणारं हे औषध दुप्पट तीव्र करायला सांगितलं होतं, तसं तिनं केलं होतं. वेग मात्र जुनाच होता, तासाला दहा मिली. तो निम्मा करायचा राहिला होता.

तिनं पंप थांबवला. फार वेळ थांबवला तर दाब कोसळणार, म्हणून ती आकड्यावर डोळे रोवून उभी राहिली. मोठ्या सिस्टर आल्या, चिठ्ठी वाचली आणि खाटेचा कठडा धरला. दीडशे. एकशे तीस. तिनं पाचच्या वेगानं पंप परत सुरू केला. आकडा एकशे अठरावर टेकला.

"आला जागेवर," मोठ्या सिस्टर तिच्या कानाशी म्हणाल्या. "आता वाच्यता कशाला? दोघींच्या सह्या आहेत त्यावर."

"उतरला का हो?" बायकोनं विचारलं. "असू दे. डोकं दुखायचं थांबलेलं दिसतंय, बघा किती शांत झोपलेत."

ती खाटेवर वाकली.

"काका, माझी बोटं दाबा."

उजव्या हातानं त्यांनी दाबली, घट्ट.

"आता ह्या हातानं."

"झोपू द्या ना हो त्यांना."

"दाबा, काका. जोर लावा."

डाव्या तळव्यात तिची दोन बोटं तशीच पडून राहिली. तिनं मान वर केली. मोठ्या सिस्टर फोनकडे निघाल्याच होत्या, पळत नव्हे, चालत. पळालं की नातेवाईक घाबरतात.

"ताई," ती खणखणीत आवाजात म्हणाली, "डॉक्टरांना सांगा, पंप दहानं चालू होता. वीस मिनिटं."

बायकोच्या ओठांवर हसू अजून तसंच होतं.

"काय हो सिस्टर," बायकोनं विचारलं, "किती हवा होता?"