पावणेदोन तासांचं अंतर

मी एक जुना पितळी कर्कटक आहे. दोन टोकदार पाय आणि त्यांना जोडणारी एक खीळ, एवढाच माझा संसार. १९६२ च्या श्रावणात माझ्या मालकाला, तोंडवलीच्या भिकाजी तांडेलाला, माझ्याकडून दोन लाभ हवे होते. एक तो उघड सांगे. मुलगा हरिश्चंद्र गुरुवारी सकाळी दहाला मुंबईत हजर झाला, तर त्याला खलाशी म्हणून पाच महिन्यांच्या सफरीचं जहाज मिळणार होतं. सून जानकीला चौथा महिना होता. म्हणजे बाळ जन्मेल तेव्हा बाप घरी. दुसरा लाभ तो बोलत नसे, पण मी ओळखून होतो. तोंडवलीतून विमानात बसलेला पहिला माणूस त्याचा मुलगा ठरणार होता.

मित्रांनो, तीस वर्षं मी भिकाजीच्या गलबतावर नकाशे तुडवले. एक पाय रत्नागिरीवर, दुसरा वेंगुर्ल्यावर ठेवला की तो पोहोचायची वेळ सांगे, आणि ती सहसा खरी ठरे. पाय माझे, नाव त्याचं!

हजर व्हायची तार मंगळवारी आली. पावसाळ्यामुळे बोटी बंद होत्या. भिकाजीने शाळेतला नकाशा मागून आणला आणि माझा एक पाय बेळगावच्या विमानतळावर रोवला, दुसरा मुंबईच्या.

"अडीचशे मैल! इमानाक पावणेदोन तास!"

विमान बुधवारी दुपारी तीनचं होतं. मग त्याने मला तोंडवलीहून बेळगावावर सरळ टाकलं. ऐंशी मैल भरले. सकाळी सहाला निघालं की झालं.

जानकी दारातून म्हणाली, "मामांनू, हेंका आजच्याच गाडयेन कोल्हापूराक जांव दे. फुडे रेल्वे आसा. इमान बेळगावाक येता, बेळगाव आमच्या दारात येता काय?"

"गो बाय, तीस वर्सां मी अंतरां मोजलंय. आता तू माका शिकवतंस?"

हरिश्चंद्र पेटी भरू लागला. विमानाची हौस त्यालाही होतीच.

समुद्रावर सरळ रेघ मारली की गलबत तिच्यावरून जातं. भिकाजीने तीच रेघ डोंगरावर मारली. बुधवारी शकुन म्हणून मी हरिश्चंद्राच्या खिशात होतो. खाडीवर होडी भरतीसाठी थांबली. आंबोलीच्या घाटात दरड पडली होती, ती बाजूला करायला तीन तास लागले. आम्ही विमानतळावर पोहोचलो तेव्हा पाच वाजत आले होते. विमान मात्र माझ्या मापाप्रमाणे पावणेदोन तासांत मुंबईत उतरलं होतं. माझी चूक एका मैलाचीही नव्हती.

शुक्रवारी हरिश्चंद्र मुंबईत पोहोचला. जहाज गेलं होतं. दोन महिन्यांनी मिळालं ते दोन वर्षांचं.

भिकाजीने मला खिळ्यांच्या डब्यात टाकलं. खाऱ्या हवेने मी हिरवा पडलो. जानकीची मुलगी शुभदा रांगू लागली, तेव्हा तिने मला शोधून काढलं आणि शेणाने सारवलेल्या जमिनीवर चालवलं.

मित्रांनो, मला पुसून कोरडं ठेवा आणि जपून वापरा. पण घाट किती वेळ घेईल, ते मला विचारू नका. ते जानकीसारख्या माणसाला विचारा, आणि तिने सांगितलेलं ऐका.

आता हिशोब. भिकाजीने पुन्हा कधी अंतर सांगितलं नाही; त्याचं तेवढ्यावर भागलं. हरिश्चंद्र दोन वर्षांनी पेटी घेऊन अंगणात उभा राहिला, तेव्हा शुभदा मला मुठीत धरून जानकीच्या मागे लपली.

"आये, ह्यो कोण गो?"

मी मोजलं तेव्हा ती जन्मलीही नव्हती. सगळ्यांत जास्त किंमत तिनेच मोजली.