कूस बदलल्याचा तक्ता

आधीच सांगते, मी वाईट बाई नाही. तोंडाने फाटकी आहे, पण कोणाच्या ताटातलं कधी ओढून घेतलं नाही, असं मी स्वतःबद्दल पन्नास वर्षं समजत आले. एका गुरुवारी दुपारी तो समज गेला. त्याचीच ही गोष्ट आहे.

आमच्या घरात आम्ही दोघी जावा. मी थोरली, ती धाकटी. सासूबाईंना अर्धांगवायू होऊन दोन वर्षं झाली. उजवा हात, उजवा पाय गेला, बोलणं थोडं जड झालं, पण डोकं शाबूत. फार शाबूत. मी तेव्हा बिस्किटांच्या कारखान्यात पॅकिंगला होते, म्हणून म्हातारीचं सगळं आपसूकच धाकटीकडे गेलं. मग कारखाना बंद पडला, मी घरी बसले, तरी ते तिच्याकडेच राहिलं. कोणी विचारलं नाही, आणि मीही कशाला विषय काढतेय!

वाचनालयामागच्या हॉलमध्ये वस्तीतल्या लोकांसाठी वर्ग निघाला. घरगुती रुग्णसेवा, दहा आठवडे, मंगळवार-गुरुवार दोन ते पाच, आणि पास होणाऱ्याला नव्या शुश्रूषा केंद्रात नोकरी. फॉर्म आणला धाकटीने. मी हे मुद्दाम सांगतेय. फॉर्म तिने आणला, स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसरला, आणि वरच्या ओळीत आपलं नाव अर्धं लिहिलंसुद्धा. खाली नियम होता: एका घरातून एकच.

मी म्हटलं, "अगं, तू गेलीस तर आईंना कोण बघणार?"

ती म्हणाली, "आठवड्यातून दोनच दुपारी, ताई. तुम्ही आहात ना घरी."

"दोन दुपारी आत्ता. नोकरी लागल्यावर? आणि तुला बाहेर बोलायला तरी जमतं का? दुकानात सुटे मागायचे तरी माझ्या मागे लपतेस."

ती हसली. खरंच लपायची. मग तिने खोडरबर घेतलं, आपलं नाव पुसलं आणि फॉर्म माझ्याकडे सरकवला. कागद तिथे जरा फाटला होता. त्यावर मी माझं नाव लिहिलं, ठसठशीत अक्षरात.

वर्गात मी चमकले, हे खोटं कशाला बोलू! शिकवायला एक निवृत्त नर्स होत्या, आम्ही त्यांना सिस्टर म्हणायचो. बारीक अंगाच्या, चष्मा दोरीला बांधलेला, आवाज असा की मागच्या बाकावरचा डुलकी घेणारा ड्रायव्हर दचकून उभा राहायचा. एक रबरी पुतळा होता, त्याला आम्ही 'जावईबापू' म्हणायचो, कारण तो नुसता पडून राहायचा आणि सगळे त्याची सेवा करायचे. जावईबापूंना कुशीवर वळवायचं, गुडघ्यांमध्ये उशी, टाचा गादीपासून वर, माकडहाड तपासायचं. माझा हात पहिल्या दिवसापासून बसला. घरी आले की मी धाकटीला सगळं फुशारकीने सांगायची, आणि ती कणीक मळता मळता ऐकायची, मध्येच विचारायची, "टाचा किती वर, ताई? चार बोटं की दोन?"

सहाव्या आठवड्यात सिस्टरनी प्रत्येकाला एक तक्ता दिला. घरात, शेजारी, कुठेतरी एक अंथरुणाला खिळलेलं माणूस शोधायचं आणि पडून पडून पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून तीस दिवस त्याची कूस बदलायची. सकाळी सहा ते रात्री दहा, दर दोन तासांनी. प्रत्येक वेळेला रकान्यात डावी, उजवी की पाठ ते लिहायचं आणि सही करायची. शेवटी सिस्टर घरी येऊन बघणार. बाकीच्यांची तारांबळ उडाली. मला काय, म्हातारी घरातच! ड्रायव्हर तर म्हणाला, "तुमची काय बाई, लॉटरीच आहे."

पहिल्या दिवशी मी खरंच केलं. शपथेवर. सकाळी सहाला उठून सासूबाईंना वळवलं. त्यांनी दात आवळले आणि डोळे मिटले. आठला पुन्हा गेले तर म्हणाल्या, "धाकटीला पाठव." मला राग आला. म्हटलं, एवढे नखरे असतील तर राहिलं! तिथून पुढे वळवायची धाकटी आणि लिहायची मी. आधी रोज विचारायची, किती वाजता, कुठली कूस. मग दोन दिवसांनी एकदा. मग रविवारी बसून अख्खा आठवडा एकदम भरायची. खरं वाटावं म्हणून दोन रंगांची पेनं वापरली. अशी मी हुशार.

त्या गुरुवारी वर्गाला सुट्टी होती, कारण सिस्टर घरोघर फिरत होत्या. साडेतीनला आमच्याकडे आल्या. धाकटीने चहा ठेवला आणि स्वयंपाकघराच्या दाराशी उभी राहिली. मी नवा ॲप्रन घालून, केस चापून बसवून, नवरीसारखी तयार.

सिस्टरनी आधी सासूबाईंना नमस्कार केला, मग परवानगी मागितली, मग पाठ उघडी करून बघितली. बराच वेळ बघितली. बोट फिरवलं, टाचा बघितल्या, कोपरं बघितली.

"दोन वर्षं अंथरुणावर?" त्यांनी विचारलं.

"हो, दोन वर्षं."

"एक डाग नाही. मी चाळीस वर्षं वॉर्डात काढली, अशी पाठ चार-पाच वेळा पाहिली असेल."

मी चक्क लाजून हसले. कौतुक दुसरीचं आणि गाल माझे लाल.

मग त्यांनी तक्ता घेतला, चष्मा लावला आणि बोट एका ओळीवरून चालवत नेलं. बोट थांबलं.

"मंगळवार, चार वाजता. डावी कूस. सही तुमची."

"हो."

"मंगळवारी चार वाजता तुम्ही माझ्यासमोर बसला होता. जावईबापूंना आंघोळ घालत."

सगळे मंगळवार, सगळे गुरुवार, दुपारचे दोन आणि चार, मी सगळे रकाने भरले होते. एकही रिकामा दिसू नये या नादात मी एकाच वेळी दोन ठिकाणी हजर होते. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, तो हाच.

"ते... ते तेवढं ही करते," मी धाकटीकडे हात केला. "मी वर्गात असते तेव्हा. तिने सांगितलं की मी लिहिते."

धाकटीने मान खाली घातली आणि हो म्हणाली. सिस्टर घड्याळ बघून म्हणाल्या, "करून दाखवा. पाठीवरून डाव्या कुशीवर."

हे मला येत होतं. जावईबापूंवर शंभरदा केलं होतं. मी पलंगाच्या उजव्या बाजूला उभी राहिले, वर्गात उभी राहायची तशी. "आई, आता मी तुम्हाला वळवतेय हं," असं मंजुळ आवाजात म्हटलं. या घरात त्या आवाजात मी पूर्वी कधी बोलले नव्हते. आणि वाकले.

सासूबाईंचा धड असलेला डावा हात वर उठला. आपला आपणच उठला, सवयीने. पण मी उजवीकडे होते. डावीकडे, जिथे धाकटी रोज उभी राहायची, तिथे कोणी नव्हतं. तो हात हवेत कोणाची तरी मान शोधत राहिला. दोन वर्षं धाकटी त्या बाजूने वाकायची, म्हातारी तिच्या गळ्यात हात टाकायची आणि दोघी मिळून वळायच्या. पलंग भिंतीपासून हातभर पुढे ओढलेला होता तो त्यासाठीच. मला तो रोज जाता-येता पायाला लागायचा, आणि मी रोज चडफडायची की हा मेला मध्येच कोणी ओढून ठेवलाय!

दाराशी धाकटीने एक पाऊल पुढे टाकलं होतं. तिचं तिलाच कळलं नसेल. मग थांबली.

हात खाली आला. मी कशीबशी सासूबाईंना वळवलं. त्या लाकडासारख्या ताठ झाल्या होत्या. सिस्टरनी सगळं पाहिलं होतं. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं नुसतं म्हणतात. मी खरोखर खाली बघत होते.

सिस्टर पलंगाच्या डाव्या बाजूला जाऊन सासूबाईंच्या तोंडाजवळ बसल्या. "आजी, मला खरं सांगा. तुमचं सगळं कोण करतं?"

आता संपलं, मी मनात म्हटलं. नोकरी गेली, अब्रू गेली, ड्रायव्हरला उद्या कळेल. आणि खरं सांगते, त्यातही एक बारीकसं बरं वाटत होतं, की आता म्हातारी धाकटीचं नाव घेईल आणि माझ्या मानेवरचं हे ओझं उतरेल.

सासूबाईंनी आधी माझ्याकडे बघितलं, मग दाराकडे.

"थोरली," त्या म्हणाल्या. "थोरलीच करते. धाकटी स्वयंपाकपाणी बघते."

सिस्टरनी तक्त्याच्या खाली लिहिलं, 'रुग्णाच्या सांगण्यावरून', आणि सही केली. चहा घेतला नाही. जाताना दाराशी चप्पल घालता घालता मला म्हणाल्या, "पास आहात. एक तारखेपासून केंद्रात या." आणि मग आवाज न चढवता, "ही पाठ जिने राखलीय ना, तिला मी डोळे झाकून कामावर घेतलं असतं. परीक्षा न घेता."

त्या गेल्या. मी आत येऊन पलंगाजवळ उभी राहिले. डोळ्यांत पाणी आलं होतं. म्हातारीला मी कधी धड पाणी विचारलं नाही आणि हिने माझ्यासाठी, या वयात, तोंडावर खोटं बोलावं! मी तिचा हात धरला.

"आई, कशाला बोललात हो तसं? माझ्यासाठी?"

तिने हात सोडवून घेतला. रागाने नाही. आपली उशी नीट करावी तसा.

"तुझ्यासाठी कशाला बोलू?" ती हळू आवाजात म्हणाली, एकेक शब्द जुळवत. "धाकटी म्हटलं असतं, तर त्या बाईने तिला नेलं असतं. मग मला कोणी बघायचं होतं? तू?"

त्या 'तू'मध्ये टोमणासुद्धा नव्हता. ती खरोखर विचारत होती, आणि उत्तर आम्हा दोघींना ठाऊक होतं. मी तिथे कशी उभी राहिले ते माझं मला माहीत. मी फॉर्म घेतला होता, तिने खोटी साक्ष दिली होती. ज्या बाईच्या जिवावर आम्ही दोघी तगलो, त्या धाकटीलाच दोन्हीकडून कोंडून आम्ही मोकळ्या झालो होतो.

स्वयंपाकघरात गेले तर धाकटी सिस्टरचा तसाच राहिलेला चहा ओतत होती. माझी चाहूल लागताच वळली. तिचा चेहरा फुलला होता. मला वाटलं होतं रडत असेल. रडली असती तर किती सोपं झालं असतं!

"झालात ना पास?"

"झाले."

"मला ठाऊकच होतं. आणि ऐकलं मी, ताई, जाताना काय म्हणाल्या ते. पाठीबद्दल." ती लाजली, कपाची कड फडक्याने पुन्हा पुन्हा पुसायला लागली. "परीक्षा न घेता, म्हणाल्या ना?"

"हो. म्हणाल्या."

"ताई, तुमचं तर आता झालं. मग पुढच्या वर्गाला या घरातून दुसरीला घेतील का हो? तुम्ही विचाराल? तुमचं ऐकतात त्या." आणि मग घाईघाईने, "सकाळ-संध्याकाळचं मी आवरीन सगळं. दुपारचं तेवढं आईंचं आपण दोघी मिळून..."

दोघी मिळून! माझी नोकरी आठ ते सहा. ते तिलाही माहीत होतं, मलाही. एक शब्द होता माझ्याकडे. मला म्हणता आलं असतं, "एक तारखेला तू जा. मी सिस्टरना आत्ता गाठते, सगळं सांगते, मी घरी राहते." त्या अजून कोपऱ्यापर्यंतही पोचल्या नसतील. माझे पाय धड होते, तोंड तर चांगलंच धड होतं.

आतून हाक आली, "धाकटे!" चार वाजले होते.

"विचाराल ना?" तिने पुन्हा म्हटलं.

मी म्हटलं, "बघू."

ती हसली, हात धुतले आणि आत गेली. मी तक्ता हातात धरून ओट्यापाशी उभी राहिले. पलंग करकरल्याचा आवाज आला, दोघींचा एकदम "हं" असा आवाज आला, आणि मी ना सिस्टरच्या मागे गेले, ना तिच्या.