अकरा रेघा

"पप्पांच्या टेबलावर पडलेली असायची. कॉफीचा कप ठेवायचे तिच्यावर," पेज म्हणाली आणि तिने पिशवीतून तळहाताएवढी एक गोल चकती काढून एलादिओसमोर ठेवली. "प्रदर्शनात ठेवण्यासारखी काही नाही. म्हटलं, तुम्हालाच द्यावी."

एलादिओ पुपोने ती उचलली. तेवढं वाकतानाही त्याच्या छातीत शिट्टी वाजली. ती बोटीच्या तळातून कापून काढलेली फायबरग्लासची चकती होती. मागे त्याच्या जुन्या मालकाच्या, वेड स्टोव्हलच्या, गिचमिड अक्षरात लिहिलं होतं: सात नंबर, उजवी बाजू.

"ही कधी कापली त्यांनी?"

"मला काय माहीत? मी तेव्हा शाळेत होते." पेज म्हणजे वेडची मुलगी. नॉर्थ मायामीतल्या ज्या एका गल्लीत एकेकाळी शर्यतीच्या बोटींचे कारखाने खांद्याला खांदा लावून उभे होते, तिथल्या शेवटच्या शेडमध्ये ती आता संग्रहालय काढत होती. शर्यतीत फुटलेल्या सात नंबरच्या बोटीचं पुढचं टोकही तिथे ठेवणार होती. "पाटीवर अपघाताचं एकच वाक्य आहे. तळाचे थर देताना कारागिराची चूक झाली, एवढंच. तुमचं नाव नाही घातलं हं, काळजी करू नका."

"फार उपकार झाले," एलादिओ म्हणाला.

त्यातली खोच पोरीला कळली नाही. पेरूच्या जामची पेस्ट्री आवडीने खाऊन, उद्घाटनाला नक्की या म्हणून ती निघून गेली.

सात नंबर फुटली त्याला आता सत्तावीस वर्षं होत आली होती. की वेस्ट बेटाजवळच्या शर्यतीत, तिसऱ्या फेरीला, एका उंच लाटेवरून बोट उडाली आणि आपटताच तिचा तळ फाटला. बोटीचा वेग, म्हणजे थ्रॉटल, सांभाळणारा ड्यूई पाण्यातून जिवंत बाहेर आला नाही. आठवड्याने वेडने एलादिओला साच्यापाशी नेलं. साच्यात काचेच्या कापडाचा एक थर बसवून त्यावर चिकट रेझिन लावलं, की साच्याच्या काठावर सुतारी पेन्सिलीने एक रेघ मारायची, अशी त्यांची रीत होती. बारा थर, बारा रेघा. डाव्या काठावर बारा होत्या. उजव्या काठावर अकरा.

उजवी बाजू ओरेस्तेसची होती. ओरेस्तेस म्हणजे नेरेइदाचा, एलादिओच्या बायकोचा, भाऊ. त्याआधी तो एलादिओचा मित्र होता. क्यूबातल्या हिबारा बंदरात दोघं एकाच होडीखाली उताणे पडून फटीत डांबर भरायला शिकले. एलादिओ आधी इकडे आला आणि ओरेस्तेस ऐंशी साली माणसांनी खचाखच भरलेल्या कोळंबीच्या बोटीतून. त्याचे कागद अजून पक्के झाले नव्हते. एक माणूस मेला होता आणि चौकशीत नाव आलं असतं, तर त्याला थेट तुरुंगात नाहीतर परत क्यूबात धाडलं असतं.

एलादिओने चौकशीत सांगितलं, "उजवी बाजू मी केली होती."

झालं. त्या दिवसापासून गल्लीत त्याचं नाव पडलं 'अकरा'. "काय रे अकरा, दहाच्या पुढे मोजता येतं का?" दुसऱ्या कुठल्याही कारखान्याने त्याला दारात उभं केलं नाही. वेडने तेवढं ठेवून घेतलं, घासकामाच्या खोलीत. वेडचं मन किती मोठं, असं सगळे म्हणाले. त्या मोठ्या मनाच्या खोलीत वीस वर्षं काचेची धूळ खाऊन एलादिओची फुफ्फुसं गेली.

ओरेस्तेसने त्याच आठवड्यात धंदा सोडला आणि लोकांच्या घरांना रंग देऊ लागला. ज्याच्याबरोबर पोरपणी आंबे चोरले, त्याला तो 'भावोजी' म्हणू लागला, 'तुम्ही' म्हणू लागला. दर रविवारी सकाळी आठला येऊन, कुणी न सांगता, एलादिओच्या अंगणातलं गवत कापायचा. पुढच्या दाराने कधी आला नाही. मागच्या पायरीशी उभ्या उभ्या कॉफी प्यायची आणि जायचं. एलादिओने हजारदा सांगून पाहिलं. शेवटी नेरेइदाच म्हणाली, "कापू दे ना त्याला. त्याला तेवढंच बरं वाटतं." बरं वाटतं म्हणे! ते यंत्र सुरू झालं की एलादिओला कोंडल्यासारखं व्हायचं. उपकार करणाराही त्यातून सुटत नाही, हे त्याला कुणी आधी सांगितलं नव्हतं.

गुरुवारी पेज गेल्यावर त्याने पॉलिश पेपर काढला, चकतीची कड पाण्यात भिजवून गुळगुळीत होईपर्यंत घासली आणि खिडकीपाशी जाऊन नखाने मोजायला लागला. जाडा थर, बारीक थर, जाडा, बारीक. बारा भरले. पुन्हा मोजले. पुन्हा बाराच.

थर दिलेला होता. रेघ मारायची राहिली होती, नाहीतर ॲसिटोनच्या फडक्याने पुसली गेली होती. आणि वेडला ते माहीत होतं. त्याने फुटक्या बोटीतून हा तुकडा कापला, मोजला आणि त्याच्यावर कॉफीचा कप ठेवला. वजन कमी करायला तळातलं एक आडवं फळकूट त्याने स्वतःच काढायला लावलं होतं. एलादिओ तेव्हा नको म्हणाला होता. तळ फाटला तो त्या फळकुटावाचून, हे आता लख्ख दिसत होतं.

त्याला वेडचा राग आला, पण वेड मरून सहा वर्षं झाली होती. राग ओसरल्यावर जे उरलं त्याची त्याला लाज वाटली. त्याच्या आयुष्यात मनातल्या मनात मिरवावं असं एकच काम होतं: त्याने एका माणसाला वाचवलं होतं. आणि त्या माणसाचा काही गुन्हाच नव्हता. मग आपण नक्की काय केलं? त्याने चकती मोज्यांच्या खणात ठेवून दिली. शुक्रवारी खण उघडला नाही. शनिवारी एकच पायमोजा सापडला, तरी उघडला नाही.

रविवारी आठला यंत्र सुरू झालं. अर्धं अंगण कापून झाल्यावर एलादिओ चकती घेऊन बाहेर आला आणि त्याने बंद कर म्हणून हात केला.

"काय झालं भावोजी? धूळ येतेय का आत?"

"हे मोज."

"काय आहे?"

"सात नंबर. उजवी बाजू."

ओरेस्तेसने हात मागे घेतला. तो पँटला दोनदा पुसला आणि मग चकती घेतली. सत्तावीस वर्षं त्याने फायबरग्लासला बोट लावलं नव्हतं, पण नख आपोआप कडेवर गेलं. ओठ हलत होते. अकराला तो थांबला. मग नख आणखी एकदा सरकलं.

त्याने चकती उलटी केली आणि दुसऱ्या बाजूने मोजलं.

"बारा आहेत."

"थर दिला होतास तू. रेघ राहिली होती नुसती."

ओरेस्तेस कापलेल्या गवतावर बसला. "ड्यूईच्या बायकोला मी दर नाताळाला कार्ड पाठवतो," तो म्हणाला. "खाली नाव न घालता." मग वर बघून विचारलं, "तुम्हाला कधी कळलं?"

"गुरुवारी."

"आज रविवार आहे."

"हो."

फोन लागला नाही, नेरेइदाला बरं नव्हतं, असं काहीही सांगता आलं असतं. "लपवून ठेवली होती," एलादिओ म्हणाला. "वाटलं, तुला सांगितलं की मग मी... मग मी हे सगळं कशासाठी..." पुढचं खोकल्यात गेलं.

ओरेस्तेसने खोकला थांबेपर्यंत वाट पाहिली.

"हरामखोर साला," तो म्हणाला. ते वेडला होतं की एलादिओला, कळलं नाही. त्याचे डोळे भरले होते. "फुफ्फुसं गेली ना रे तुझी! एका रेघेपायी!"

तुझी म्हणाला. एलादिओने ते ऐकलं.

ओरेस्तेस उठला, चकती त्याच्या हातात दिली आणि चालू लागला. मागच्या पायरीकडे वळला नाही. घराला वळसा घालून पुढे गेला, पायपुसण्यावर बूट पुसले आणि बेल दाबली.

"रविवारी सकाळी सकाळी कोण तडमडलं आता?" आतून नेरेइदा ओरडली.

"मी आहे! कॉफी टाक. बसून पिणार आहे."

दार उघडलं, मग मिटलं. एलादिओ अर्ध्या कापलेल्या अंगणात उभा राहिला. यंत्र तरी आत लावावं म्हणून त्याने ते ढकललं, पण दोन पावलांतच दम संपला आणि तो त्याच्या दांड्याला धरून थांबला. सोमवारी त्या पोरीला फोन करून पाटीवरचं वाक्य बदलायला सांगायचं, एवढं त्याने ठरवलं.

आत खुर्ची ओढल्याचा आवाज झाला. थोड्या वेळाने दुसरीचा.

"एलादिओ!" स्वयंपाकघराच्या खिडकीतून ओरेस्तेसची हाक आली. "येतोस की नाही? गार होतेय!"

येतो, असं त्याला म्हणायचं होतं. त्याने हात वर केला आणि श्वास येण्याची वाट पाहत तो तिथेच उभा राहिला.