अकरा प्रश्नांचा एकटेपणा

अस्मिताने एक्केचाळिसाव्या वर्षी नेदरलँड्समध्ये पुन्हा शिकायचं ठरवलं, तेव्हा समाजकार्य आणि सार्वजनिक आरोग्य अशा दोन पदव्या एकाच अभ्यासक्रमात मिळत होत्या. एकावर एक फ्री म्हटल्यावर पुण्याचं माणूस फार विचार करत नाही. पहिल्या सहामाहीत कळलं, की या दोन विभागांचं एकमेकांशी बोलणं नाही आणि मधला निरोप्या आपण आहोत. समाजकार्याच्या बाई म्हणत, माणसाशी नातं जोड. आरोग्यवाले सर म्हणत, माणसापासून चार हात लांब राहा, आकडे बिघडतात.

प्रॅक्टिकलला तिच्या वाट्याला लायडस्खेनडाम गावातले उल्हासकाका आले. वय शहात्तर, साताऱ्याकडचे निवृत्त मुख्याध्यापक, बायको गेल्यावर मुलाने, अभिरामने, इकडे आणलेले. एक संस्था परदेशातून आलेल्या एकट्या वृद्धांना सोबती देणार होती. आठवड्याला दोन तास, आणि यावेळचा चक्क मराठी बोलणारा. जागा एकच. ती काकांना मिळावी, एवढंच अस्मिताला हवं होतं. त्यासाठी अकरा प्रश्नांच्या फॉर्मवर निदान तीन गुण पडायला हवे होते. गुण जितके जास्त, तितका माणूस एकटा.

काकांना तीन म्हणजे किरकोळ होते. पहिल्या तीन भेटींत त्यांनी सगळं सांगितलं होतं. सकाळी आठला घर रिकामं होतं. नात डचमध्ये उत्तर देते आणि काका मान डोलावतात. दिवसातून दोनदा ते अल्बर्ट हाइन सुपरमार्केटात जाऊन एकेक केळं आणतात. काउंटरवरची मुलगी सवलतीचं बोनस कार्ड आहे का विचारते. कार्ड खिशात असतं. काका नाही म्हणतात.

"मग ती समजावते ना, कसं काढायचं ते. मिनिटभर जातं."

पण हे सगळं संमतीपत्रावर सही होण्याआधीचं. ते धरायचं नाही, असं सरांनी बजावलं होतं. बाईंनी बजावलं होतं, सहभागी व्यक्तीशी प्रामाणिक राहा. म्हणून अस्मिताने काकांना प्रामाणिकपणे सांगून टाकलं होतं, की मंगळवारच्या फॉर्मवर तिलाही मार्क आहेत.

मंगळवारी काका दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते.

"हं, विचार. घाबरू नकोस."

"मन मोकळं करायला कुणी जवळ आहे का?"

"भरपूर."

"आजूबाजूला रिकामं रिकामं वाटतं का?"

"छे!"

अस्मिताने मान वर केली. छापलेल्यापलीकडे एक शब्द बोलायचा नाही, भुवईसुद्धा उचलायची नाही, असा नियम होता. भुवई तेवढी उचलली गेली. काकांचं लक्ष नव्हतं.

"अडीअडचणीला धावून येणारी माणसं आहेत का?"

"रांग लागते, लिही. पुढचा."

अकराव्या प्रश्नानंतर टॅबलेटवर हिरवी खूण उमटली आणि तिच्याखाली शून्य.

काकांनी चष्मा पुसला. "शून्य? अगं, एक उत्तर चुकवलं नाही मी!"

"शून्य म्हणजे चांगलं, काका. तुम्हाला एकटेपणा नाही असा अर्थ होतो."

"मग झालं तर. बाहेरचा तपासायला आला की कसं बोलायचं, हे मला नको शिकवूस. सदतीस वर्षं तेच केलं. तुझे मार्क कुठे जात नाहीत."

प्रश्न संपल्यावर सोबत्याचं सांगायला परवानगी होती. अस्मिताने सांगितलं. काका खिडकीबाहेर बघत राहिले. बाहेर कालवा होता आणि त्यात बघण्यासारखं काही चाललेलं नव्हतं.

"मराठी बोलणारा?"

"हो."

"आधी सांगायचं की."

"आधी बंदी होती."

"फेरपरीक्षा?"

"वर्षाने."

फॉर्मच्या तळाशी एक चौकट मात्र अजून उघडी होती: आणखी काही सांगायचं असल्यास. ती समिती वाचत असे आणि पटलं तर निकाल फिरवत असे. अस्मिताने टॅबलेट पुढे सरकवला.

"इथे लिहा, काका. खरं असेल ते."

"वर अकरा उत्तरं एक आणि खाली भलतंच? तपासणारा म्हणेल, या बाईने पढवून ठेवलं. असे पेपर मी सरळ बाजूला काढायचो."

"माझं मी बघून घेईन."

"आणि शलाका? सून राबते बिचारी. तिच्याच सोफ्यावर बसून मी एकटा आहे म्हणून लिहून देऊ?"

यावर बाईंनीही काही शिकवलेलं नव्हतं आणि सरांनीही.

तरी काकांनी टॅबलेट ओढला आणि एका बोटाने टाइप करायला लागले. दहा मिनिटं झाली. अस्मिताच्या मनात आशा जागी झाली. मग काकांनी स्वतःच 'पाठवा' दाबलं आणि तिला वाचायला दिलं. इंग्रजीत होतं: उमेदवार कष्टाळू असून वेळेवर येतात. वर्तणूक उत्तम. पुढील वाटचालीस शुभेच्छा.

तिला दहापैकी साडेआठ मिळाले. बाईंचा शेरा होता, नातं सुरेख जोडलं आहे. सरांचा, आकडे स्वच्छ आहेत. दोन विभागांचं पहिल्यांदाच एकमत झालं. मराठी सोबत्यासाठी पात्र असा एकटा माणूस न सापडल्याने संस्थेने ती जागा रद्द केली आणि अहवालात यशाच्या रकान्यात टाकली.

काकांचा फोन आला. "पास?"

"पास, काका."

"वा! मग पेढे घेऊन ये की एकदा. कधीही ये, मी घरीच असतो."

एकटेपणाची ही पाहणी पुरी होईपर्यंत, म्हणजे वर्षभर, सहभागी व्यक्तीला भेटायचं नाही, अशा कागदावर तिची सही होती.

"येते," अस्मिता म्हणाली, आणि कधी ते काकांनी विचारायच्या आत फोन ठेवला.