खोली रिकामी झाल्यावर

दार वाजलं म्हणून तिने शिलाई मशीन थांबवलं. दारात रंगारी उभा होता, खांद्यावर शिडी आणि हातात टेप. मालकीणबाईंनी भिंती मापायला पाठवलंय, एवढं सांगून तो आत येऊन कामाला लागलासुद्धा.

मालकीणबाईंच्या इमारतीत रंगाचा हिशेब सरळ होता. भिंतीचे पोपडे पडोत नाहीतर छताला बुरशी येवो, भाडेकरू राहतोय तोवर ब्रश लागायचा नाही. खोली रिकामी व्हायची असली की मगच रंगारी यायचा. त्याला जिन्यात बघूनच शेजारणी ओळखायच्या की कुणाचा तरी गाशा गुंडाळला जातोय.

“ताई, महिनाअखेरीला जाताय ना? तेवढं कपाट आधी हलवून ठेवा.”

कोण जातंय, हे तिने त्याला विचारलं नाही. अनवाणीच वरच्या मजल्यावर गेली.

मालकीणबाई भाजी निवडत होत्या. तिचा चेहरा बघून त्यांनी हातातली जुडी खाली ठेवली. त्यांना वाटलं होतं, हिला सगळं ठाऊक आहे. नवऱ्यानेच गेल्या आठवड्यात येऊन खोली सोडतो म्हणून सांगितलं होतं. कारखान्याजवळ त्याने एका माणसापुरती जागा बघितली होती. बायको तिच्या भावाकडे राहील, भावाशी बोलणंही झालंय, असं म्हणाला होता.

म्हणजे भावालाही माहीत होतं. परवा त्याने फोनवर उगाचच तिच्या तब्येतीची चौकशी केली, ती यासाठी. सगळ्यांनी मिळून तिची सोय लावून टाकली होती, फक्त तिला कळवायचं तेवढं राहून गेलं होतं. रागाने तिची कानशिलं तापली. नवऱ्याचं मन उडालंय हे तिला कधीपासून दिसत होतं. पण खोली गेली तर मशीन कुठे मांडायचं? भावाच्या घरात ती फार तर बहीण म्हणून राहिली असती. इथे गल्लीतल्या बायका तिच्यावर भरवसा टाकून चांगलं चांगलं कापड सोडून जायच्या, आणि ती गिऱ्हाइकं तिने कुणाच्या ओळखीवर मिळवली नव्हती.

“मावशी, आजवर भाडं तुमच्या हातात कोण देत होतं?”

“तूच की.”

“मग पुढेही मीच देईन. खोली ते सोडताहेत. मी नाही.”

मालकीणबाईंनी लगेच होकार भरला नाही. दारात रोजचा तमाशा नको, चारचौघांत शोभा नको, असं बरंच बोलून झाल्यावर त्यांनी मुद्द्याला हात घातला.

“आणि तो परत आला तर?”

ती अडखळली. तो परत यावा असं आत कुठेतरी वाटत होतं, आणि तिला स्वतःचीच चीड आली. “घेणार नाही,” ती म्हणाली.

“मग त्याचं सामान आज बाहेर जाऊ दे. उद्यावर टाकलंस तर तुझ्याच्याने व्हायचं नाही. आणि आवाज चढता कामा नये. खोली त्याच्यापुरती रिकामी झाली असं धरून रंगारी आजच कामाला लावते.”

संध्याकाळी तो आला तेव्हा त्याची पेटी आणि कपड्यांचं गाठोडं दाराबाहेर होतं. आत रंगारी भिंत खरवडत होता, मशीनवर चादर टाकलेली होती. ती उंबरठ्यात उभी होती. तिने चौकट धरून ठेवली होती.

हे काय चालवलंयस, त्याने विचारलं. खोलीचं रंगकाम काढलंय, तिने सांगितलं. तुला कुणी सांगितलं, असं म्हणताना त्याचा आवाज चढला. वर मालकीणबाईंचं दार उघडल्याचं ऐकू आलं. तिने त्याला हळू बोलायला सांगितलं. तो गाठोड्याकडे बघत राहिला. मग त्याचा सूर एकदम उतरला. जे बोलायचं होतं ते तो बोलणारच होता म्हणे, योग्य वेळ बघत होता.

“ती जागा महिनाअखेरीला मिळणार आहे,” तो म्हणाला. “तोवर मी राहू कुठे?”

“माझ्या भावाकडे जा,” ती हळू आवाजात म्हणाली. “एका माणसाची सोय तुम्ही तिथे करून ठेवलीच आहे.”